पत्त्यातला बेब रूथ आणि आमचा कारभार

बेसबॉलशी माझा संबंध अमेरिकी चित्रपटांपलीकडे कधी नव्हता. तो जुळवला न्यू जर्सीच्या माझ्या भाच्याने. गेल्या उन्हाळ्यात स्वारी सुट्टीला आली ती स्ट्रॅट-ओ-मॅटिकचे वेड घेऊनच.

हाल रिचमन या न्यूयॉर्ककडच्या गृहस्थाने हा खेळ १९६१ साली विक्रीस काढला. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता. कोणता फासा पडला असता काय घडावे, ते त्याच्या खऱ्या मोसमातील कामगिरीवरून त्यावर छापलेले. पूर्वी लोक घरी टेबलावर फासे टाकीत. आता संगणक टाकतो. रोज रात्री तीन सामने होतात आणि १६२ सामन्यांचा मोसम दोन महिन्यांत आटोपतो.

गुण जर पत्त्यावरच छापलेले, तर मालकाने करायचे काय? वाचकांप्रमाणे मलाही हाच प्रश्न पडला. उत्तराची वाट न पाहता मी संघ उभारला. बारा मालक आणि प्रत्येकाला सारखेच आठ कोटी डॉलर, अर्थात खेळातले! मी प्रथम उचलला बेब रूथ, १९२७ साली साठ होमरन मारणारा. तिजोरी बरीच रिकामी झाली तरी छाती फुगली होती. उरलेल्या पैशांत मिळतील ते पिचर घेतले, आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक, अगदीच गबाळा घेतला. मोसमाअखेर माझे विजय ६१, भाच्याचे ९३!

"मामा, तुम्ही नावं बघून पत्ते घेतलेत," तो म्हणाला आणि हिशेब मांडून बसला. पांढऱ्या फाशावर एक ते तीन पडले तर निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहायचा, चार ते सहा पडले तर पिचरच्या. म्हणजे रूथ झाला तरी निम्म्या वेळा त्याचे काही चालत नाही. पिचरच्या पत्त्यावरचे काही निकाल तर क्षेत्ररक्षकावर सोपवलेले असतात. तिथे माझा गबाळा शॉर्टस्टॉप रोज धावा वाटत होता. भाच्याने त्या जागी मार्क बेलँजर घेतला होता. कारकिर्दीची सरासरी जेमतेम .२२८, पण हातातून चेंडू सुटायचा नाही. शिवाय डावऱ्या आणि उजव्या पिचरांपुढे फलंदाजाचे पत्त्यावरचे आकडे निराळे असतात. एकापुढे चालणारा एक आणि दुसऱ्यापुढे चालणारा दुसरा, असे दोन स्वस्त गडी आलटून पालटून खेळवून त्याने एका महागड्या फलंदाजाचे काम करून घेतले होते.

फाशांना दोष देण्याचा मी प्रयत्न करून पाहिला. पण फासे आठवडाभर रुसतात; १६२ सामने कोणावरच रुसत नाहीत.

मला लागले ते निराळेच. वीस वर्षे मी वर्गात शिकवतो. निकाल उत्तम लागला की ते माझे शिकवणे. घसरला की 'यंदाची मुलेच बेताची'! पत्त्यांच्या खेळात ही पळवाट नाही. तिथे सर्वांना पैसा सारखा, बाजार एकच. कोणाला कोठे उभे करायचे एवढेच आपल्या हाती, आणि हरलो तर तेवढेच आपले चुकलेले असते.

दुसरा मोसम सुरू आहे. बेलँजर या वेळी माझ्याकडे आहे. आणि नव्या सत्रात मागच्या बाकावरच्या दोघांना मी पुढे बोलावून घेतले आहे.