स्पॉन्सरशिपचे पैसे कोण भरतं?

ब्रिटनमधल्या मध्यम किंवा मोठ्या कंपनीला भारतातून एक माणूस तीन वर्षांसाठी न्यायचा असेल, तर त्याचा पहिला पगार होण्याआधीच तिला सरकारकडे 4,485 पौंड भरावे लागतात. त्यातले 525 पौंड स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्राचे, म्हणजे ज्याला सगळे ‘सीओएस’ म्हणतात त्याचे. उरलेले 3,960 पौंड ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’चे, वर्षाला 1,320 या हिशेबाने. हे 2025 अखेरचे दर आहेत. पौंड 115 रुपयांचा धरला तर एका माणसामागे 5 लाख 16 हजार रुपये होतात. स्पॉन्सर होण्याचा परवाना कंपनीने आधीच काढलेला असतो, त्याची फी वेगळी.

आपल्याकडे चर्चा होते ती आयईएलटीएसची, सीव्हीची, व्हिसाच्या मुलाखतीची. हा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. खरं तर शेकडो अर्ज करूनही उत्तर का येत नाही आणि खोटी ऑफर ओळखायची कशी, या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

आता पगाराचं पाहू. एप्रिल 2024 पर्यंत स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वर्षाला किमान 26,200 पौंडांची अट होती. 4 एप्रिल 2024 ला ती 38,700 झाली आणि 22 जुलै 2025 ला 41,700. सोळा महिन्यांच्या आत 59 टक्के वाढ. शिवाय ही फक्त सर्वसाधारण मर्यादा. प्रत्येक व्यवसायाचा ठरलेला दर यापेक्षा जास्त असेल, तर तो लागू होतो. सॉफ्टवेअर प्रोग्रॅमरसाठी तो 54,700 पौंड आहे. जुलै 2025 पासून नोकरीही पदवीच्या पातळीची असावी लागते. त्यामुळे शेफसारखी कितीतरी कामं नव्या भरतीतून बाहेर गेली. काही मोजके व्यवसाय तात्पुरत्या यादीवर 2026 अखेरपर्यंत ठेवले आहेत, पण त्यांत नव्याने जाणाऱ्याला कुटुंब सोबत नेता येत नाही.

परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार उघडपणे प्रसिद्ध करतं आणि तिच्यात एक लाखाहून जास्त नावं आहेत. ती पाहून अनेकांना हुरूप येतो. पण यादीत नाव असणं म्हणजे फक्त परवाना असणं. त्या कंपनीकडे आज जागा रिकामी आहे, त्या जागेचा पगार वरच्या अटीत बसतो आणि त्यासाठी ती हजारो पौंड मोजायला तयार आहे, यातलं काहीच ती यादी सांगत नाही.

पुण्या-मुंबईहून एक वर्षाच्या एमएस्सीसाठी जाणाऱ्या मुलांचं गणित जरा निराळं आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगं आहे. 26 वर्षांखालच्या किंवा नुकतंच शिक्षण संपवलेल्या उमेदवाराला सवलतीचा दर लागतो: 33,400 पौंड किंवा व्यवसायाच्या दराच्या 70 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. प्रोग्रॅमरसाठी ते 38,290 होतात. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं मिळते, आणि शिक्षणानंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाचा काळही त्या चार वर्षांतच मोजला जातो. म्हणजे ज्याने दोन वर्षं ग्रॅज्युएट व्हिसावर काढली, त्याच्याकडे सवलतीची दोनच वर्षं उरतात. त्यानंतर कंपनीला त्याचा पगार 38,290 वरून निदान 54,700 वर न्यावा लागतो, 43 टक्क्यांची उडी. मुलाखत घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, मुलाला बहुतेकदा नसतं.

याउलट, स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर जाणाऱ्यासाठी कंपनीला स्किल्स चार्ज माफ आहे. तीन वर्षांचे 3,960 पौंड वाचतात आणि सवलतीची चारही वर्षं हातात राहतात. म्हणून नोकरीचा शोध पहिल्या सत्रापासूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. ‘आधी डिग्री होऊ दे, मग दोन वर्षं आहेतच’ हा भरवसा आता महागात पडेल. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार आहे.

उमेदवाराचा स्वतःचा खर्चही कमी नाही. भारतातून अर्ज करताना तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी 769 पौंड आहे. आरोग्य अधिभार वर्षाला 1,035, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. नवरा-बायको आणि एक मूल तीन वर्षांसाठी निघाले, तर मुलाचा अधिभार 776 धरून एकूण 10,845 पौंड होतात, म्हणजे जवळपास साडेबारा लाख रुपये. कंपनी स्वतःहून हे देत असेल तर उत्तम, पण तशी सक्ती तिच्यावर नाही.

आता फसवणुकीकडे येतो, कारण ते आकडे सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने वृद्ध आणि आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करसाठी दार उघडलं. 2023 मध्ये आरोग्य व देखभाल व्हिसा मिळालेल्या मुख्य अर्जदारांची संख्या 1 लाख 46 हजारांवर गेली. मार्च 2024 पासून नव्या केअर वर्करना कुटुंब नेण्यास बंदी आली, आणि त्या वर्षी ही संख्या 27 हजारांवर घसरली. 22 जुलै 2025 ला परदेशातून केअर वर्करची भरतीच बंद झाली. याच काळात या क्षेत्रातल्या 470 हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी जोडलेले 39 हजारांहून जास्त कामगार अडचणीत आले. परवाना गेला की कामगाराला साधारण 60 दिवस मिळतात: नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. घरचं शेत गहाण टाकून गेलेल्या माणसाला 60 दिवसांत कर्जही फिटत नाही आणि नोकरीही सापडत नाही.

यातल्या अनेकांनी प्रमाणपत्रासाठी मध्यस्थाला पैसे मोजले होते. स्किल्स चार्ज कामगाराच्या माथी मारणं कायद्याने मुळातच मना आहे. 31 डिसेंबर 2024 पासून प्रमाणपत्राची आणि परवान्याची फीसुद्धा त्याच्याकडून घेता येत नाही. भारतात 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात, तेही पावतीसह. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. त्यामुळे ‘सीओएस काढून देतो’ म्हणत कोणी लाखांची मागणी केली, तर त्याच्याशी पुढे बोलायचं कारणच उरत नाही.

ऑफर खरी वाटत असेल, तर सही करण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: व्यवसायाचा संकेतांक, आठवड्याचे तास, भत्ते वगळून पगार, आणि नोकरी मध्येच सोडल्यास कोणता खर्च परत मागितला जाईल. व्हिसा फी आणि अधिभार कंपनीने भरला असेल, तर करारानुसार ती तो वसूल करू शकते. स्किल्स चार्ज मात्र त्या यादीत दिसला, तर ते कलम काढायला सांगावं.