आधी कृती, मग उभारी

‘अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, पायांत त्राण राहत नाही.’ सरकारी दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग धरून गोळ्या लिहून दिल्या जातात. बाई घरी जाते आणि काही दिवसांनी तेच गाऱ्हाणं घेऊन परत येते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या स्त्रियांच्या नेमक्या याच तक्रारीचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीत काही जणींना संसर्ग निघाला. पण या तक्रारीचं जंतूंपेक्षा घट्ट नातं निघालं ते मनावरच्या ताणाशी, चिंतेशी आणि उदासीशी.

या बाया खोटं सांगत होत्या असा याचा अर्थ मुळीच नाही. कंबर खरोखरच दुखत होती, थकवा खराच होता. नैराश्याचा आजार शरीरातूनही बोलतो. झोप मोडते किंवा नको इतकी येते, अन्नावरची वासना उडते, हातपाय जड होतात, दोन ओळी वाचल्या तरी डोक्यात शिरत नाहीत. जोडीला मन सतत खिन्न असतं, किंवा ज्या गोष्टींत पूर्वी जीव रमायचा त्यांत काहीच वाटेनासं होतं. आपण निरुपयोगी आहोत, सगळी चूक आपलीच आहे असे विचार पाठ सोडत नाहीत आणि कधीकधी मरणाचेही विचार येतात. अशी बरीचशी लक्षणं किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बराच वेळ राहिली आणि त्यांनी कामधंदा, घरदार विस्कटायला लागलं, की डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. दुःख वेगळं. माणूस गेलं, पीक बुडालं तर दुःख होणारच. पण दुःखातला माणूस नातवाला पाहून क्षणभर हसू शकतो. डिप्रेशनमध्ये ते हसूही आटतं.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो. त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही. तरीही ‘डिप्रेशन हे शहरातल्या खात्यापित्या लोकांचं खूळ’ असं अजून सहज बोललं जातं, याचा मला मनापासून संताप येतो. पटेल स्वतः १९९० च्या दशकात झिम्बाब्वेत काम करायला गेले, तेव्हा ही पाश्चात्त्यांची कल्पना असावी अशी शंका त्यांच्याही मनात होती. तिथल्या गरिबांशी बोलल्यावर ती पार गळून पडली.

हा आजार होतो कशाने? गोव्यातलाच आणखी एक अभ्यास इथे फार बोलका आहे. एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांपैकी बहुतेकींना पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा या संशोधकांनी बाळंतपणानंतरही गाठलं. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं होतं तेव्हा २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यातल्या बहुतेकींच्या मनाचं स्वास्थ्य गरोदरपणातच ढासळलेलं होतं. घरातली ओढगस्त आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं यांनी धोका वाढत होता. आणि बाळ मुलगा आहे की मुलगी, यावरही तो कमीजास्त होत होता! २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते. बाळंतपणातले संप्रेरकांचे चढउतार सगळ्याच बायकांच्या वाट्याला येतात. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारं सासर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७० च्या दशकात असंच काम केलं होतं. मोठा आघात झालेल्या सगळ्याच स्त्रिया आजारी पडल्या नाहीत. लहानपणी आई गेलेली, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं, बाहेर नोकरी नाही आणि मनातलं सांगावं असं जवळचं माणूस नाही, अशा स्त्रिया अधिक कोसळल्या. विश्वासाचं एक माणूस असणं ही मोठीच ढाल ठरली.

आनुवंशिकतेचाही वाटा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो एक तृतीयांशाहून थोडा अधिक धरला जातो. मात्र ‘डिप्रेशनचं जनुक’ असं एखादं बोट दाखवता येत नाही. शेकडो जनुकांचा किंचित किंचित परिणाम मिळून माणूस थोडा अधिक हळवा घडतो. अनेक रुग्णांत ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलची पातळी चढलेली राहते. थायरॉइड मंदावणं किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचं चित्रही हुबेहूब नैराश्यासारखं दिसू शकतं, म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासून घेतो.

आणि ते प्रसिद्ध ‘मेंदूतलं रसायन’? स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर १९५६ च्या सुमारास स्किझोफ्रेनियासाठी म्हणून आलेलं एक औषध वापरून पाहत होते. त्या आजारावर ते चाललं नाही, पण नैराश्याने ग्रासलेले रुग्ण त्याने उभे राहू लागले. ते इमिप्रामिन. पुढे कळलं की अशी औषधं मज्जापेशींमधल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन या रसायनांचा प्रभाव वाढवतात. त्यावरून उलटा तर्क निघाला, की नैराश्य म्हणजे त्या रसायनांचा तुटवडा. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनबाबत हा सिद्धान्त नीट मांडला, मग सेरोटोनिनचा बोलबाला झाला. पण गोळी सेरोटोनिनवर काही तासांतच काम सुरू करते, रुग्णाला बरं वाटायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. या अंतराचं उत्तर तुटवड्याच्या सिद्धान्तापाशी नव्हतं. २०२२ मध्ये जोअ‍ॅना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा सेरोटोनिनची कमतरता हेच नैराश्याचं कारण असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

यावरून ‘म्हणजे गोळ्या निकामी’ असा निष्कर्ष काहींनी काढला. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. अँड्रिया सिप्रियानी यांच्या गटाने २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत एक लाखाहून अधिक रुग्ण होते आणि २१ औषधं होती. ही सगळी औषधं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी फरक माफक असला तरी. तीव्र नैराश्यात गोळ्यांनी जीव वाचतात. त्या झोपेच्या गोळ्यांसारख्या सवय लावत नाहीत, मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. म्हणून बरं वाटल्यावरही सहा महिने किंवा अधिक काळ घ्यायच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या.

पण मला आज ज्या उपचाराबद्दल सविस्तर लिहायचं आहे, तो गोळीत मावत नाही.

अमेरिकेत पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याकडे एका साध्या कोनातून पाहिलं. माणूस खचतो तेव्हा तो एकेक गोष्ट सोडत जातो. आज फिरायला जायचं टाळलं, उद्या मित्राचा फोन घेतला नाही, परवा अंघोळही नकोशी झाली. प्रत्येक माघारीने क्षणभर सुटका वाटते, पण आनंद आणि समाधान जिथून येऊ शकतं ते दारही बंद होतं. मग मन आणखी खचतं, माघार आणखी वाढते. नैराश्यात मेंदूतली आनंदाची, बक्षिसाची अपेक्षा करणारी यंत्रणा मंद प्रतिसाद देते, हे आता मेंदूच्या प्रतिमांतूनही दिसलं आहे. म्हणजे ‘आधी बरं वाटू दे, मग करीन’ असं म्हणत वाट पाहणाऱ्याला बरं वाटायची वेळच येत नाही. उपाय उलट दिशेने करायचा. वाटो न वाटो, ठरवलेली छोटी कृती ठरलेल्या वेळी करायची. उभारी तिच्या मागून येते.

हे इतकं सोपं कसं असेल, असं मानसोपचारांच्या जगालाही वाटत होतं. अ‍ॅरन बेक यांच्या विचार बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत हा कृतीचा भाग आधीपासून होता, पण दुय्यम म्हणून. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी ती पद्धत सुटी करून पाहिली. नुसता कृतीचा भाग दिलेले रुग्ण पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले. त्यामुळे गोव्यात एक मोठा प्रश्न विचारता आला. उपचार इतका साधा असेल, तर तो द्यायला मानसशास्त्राची पदवी कशाला हवी?

पटेल ज्या ‘संगाथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, तिने हा प्रश्न प्रत्यक्षात पडताळून पाहिला. मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेली, स्थानिक भाषा बोलणारी स्त्री-पुरुष मंडळी निवडली. त्यांना काही आठवडे वर्गात शिकवलं, मग काही महिने अनुभवी देखरेखीखाली काम दिलं. त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत आणि ही मंडळी आठवड्याला एकत्र बसून एकमेकांचं काम ऐकून गुण देत. मला या सगळ्यातली ही शिस्त सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘गप्पा मारणं’ आणि ‘उपचार करणं’ यांतलं अंतर तिथेच पडतं.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ही चाचणी झाली. सगळ्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र किंवा तीव्र पातळीचं होतं. निम्म्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे सुधारित नेहमीचे उपचार, तर निम्म्यांना त्यासोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, गरजेप्रमाणे रुग्णाच्या घरीही. भेटीत काय व्हायचं? आजार म्हणजे काय ते समजावणं, कुठल्या कृतीनंतर मन कसं होतं याची नोंद ठेवणं, पुढच्या आठवड्यासाठी झेपेल एवढंच काम ठरवणं, अडचण आली तर ती सोडवण्याचे पर्याय शोधणं, घरच्यांना सोबत घेणं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. हा फायदा रुग्णांची हालचाल, सहभाग वाढल्यामुळेच बऱ्याच अंशी झाला, हेही विश्लेषणात दिसलं. लेविनसन यांचं म्हणणं पेडणे-काणकोणच्या गोव्यातही खरं ठरलं.

विदर्भाने याची पुढची पायरी पाहिली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ गावाच्या आवाक्यात आले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाची मदत घेत होते, प्रकल्पानंतर सत्तावीस. शेतकरी आत्महत्यांमुळेच ज्याचं नाव वर्तमानपत्रांत येत राहिलं त्या भागात हे घडलं. कर्ज आणि नापिकीला समुपदेशन हे उत्तर नाही, हमीभाव आणि पाणीच लागतं. पण कर्जात बुडालेल्या माणसाला आजारही झाला असेल, तर त्याला दोन्हींवर मदत मिळण्याचा हक्क आहे. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हाच उपचार मोबाइलवरून शिकवण्याचेही प्रयोग झाले. महाराष्ट्रात आशाताई गावोगावी आहेत. त्यांच्यावर आणखी एक काम फुकट लादू नये. पगार, प्रशिक्षण आणि देखरेख यांसह ते द्यावं.

घरातल्यांसाठी दोन गोष्टी. ‘ऊठ, कामाला लाग, सगळं ठीक होईल’ हे ओरडणं म्हणजे वर सांगितलेला उपचार नव्हे. रुग्णाने निवडलेलं, त्याला झेपणारं छोटं काम आणि ते करताना कुणीतरी सोबत, असा तो आहे. आज दारापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत, तेही पुरे. आणि हालचालीइतकीही शक्ती उरली नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, भास होत असतील, तर वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. अशा वेळी औषधं दिली जातात आणि गरज पडल्यास भूल देऊन केली जाणारी विद्युत उपचारपद्धती झपाट्याने काम करते. सिनेमांनी तिची जी भीती घातली आहे तशी ती नाही.

दुसरी गोष्ट मरणाच्या विचारांबद्दल. विचारलं तर डोक्यात ते भरेल, या भीतीने माणसं गप्प राहतात. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. म्हणून सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहेस का?’ उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि साठवलेली औषधं लगेच हलवा, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन जा. रात्र असेल, गाडी नसेल, कुणाला विचारावं ते सुचत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.