तार लावायची, पण कधी आणि कोणती?

‘दहावी होऊ दे, मग दातांचं बघू.’ मुलांच्या पुढे आलेल्या दातांबद्दल घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. तार बहुतेकदा ११ ते १४ या वयात लावतात हे खरं, पण ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे नीट करणाऱ्या दंतवैद्याला, पहिल्यांदा दाखवायचं ते ७व्या वर्षाच्या सुमारास. कारण अनेकदा दोष दातांत नसून जबड्यात असतो.

खालचा जबडा मागे राहिला असेल तर ट्विन ब्लॉक देतात. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे हे प्लास्टिकचे ठोकळे. तोंड मिटलं की त्यांच्या तिरक्या कडा एकमेकींवर टेकतात आणि खालच्या जबड्याला पुढेच राहावं लागतं. उंची झपाट्याने वाढते, त्याच काळात याचा खरा उपयोग होतो. मुलींमध्ये हा काळ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो, त्यामुळे दहावीपर्यंत थांबलं तर मुलीची ती संधी बहुधा गेलेली असते. नंतर दात हलवून फरक थोडाफार झाकता येतो, पण जबडा जागेवर आणायला शस्त्रक्रियाच लागते.

दाटी फार असेल तर सुळ्यामागची उपदाढ काढायला सांगतात, आणि घरातली मोठी माणसं इथेच अडवतात: ‘वरचा दात काढला की नजर जाते.’ दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या चेतातंतूतून जाते, दृष्टी दुसऱ्यातून. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पुष्कळ मुलांना चष्मा लागतो तोही नेमका याच वयात, आणि दोष दात काढण्यावर जातो.

‘तारेने दात कायमचे खिळखिळे होतात’ हेही खरं नाही. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं तयार होतं. म्हणून उपचार चालू असताना दात किंचित हलतो, नंतर घट्ट होतो. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. घाई करून जास्त जोर लावला तर दाताचं मूळ झिजू शकतं.

दातांचं खरं नुकसान होतं ते नीट न घासल्याने. तार काढल्यावर ब्रॅकेटच्या (तार धरायला दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांच्या) जागेभोवती पांढरे डाग दिसतात, ते तिथे साचून राहिलेल्या किटणाचे. चिक्की, कडक लाडू, ऊस, अख्खा पेरू यांनी ब्रॅकेट निखळतात.

‘अलायनर म्हणजे नवं, धातूची तार म्हणजे जुनं’ असंही मुलं म्हणतात. अलायनर म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे; ते दिवसाचे २० ते २२ तास घातले तरच काम करतात. डबा खाताना काढून रुमालात गुंडाळले आणि विसरले, की उपचार तिथेच थांबतो. फार फिरलेले किंवा हिरडीत अडकलेले दात असतील तर आजही तारच भरवशाची. दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट कमी दिसतात, पण महाग असतात आणि लवकर तुटतात.

आणि तार निघाली म्हणजे संपलं नाही. दात मूळ जागी परतू पाहतात, म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री वर्षानुवर्षं घालावा लागतो. त्याचा खर्च सुरुवातीलाच विचारून घ्या. खासगी उपचार परवडत नसतील तर मुंबईचं नायर दंत महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं गाठा. तिथे या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्चही बराच कमी येतो.