मोठ्या कॅलिबरची हँडगन : अमेरिकेतील मुख्य प्रकार

- कॅलिबर : गोळीच्या व्यासाचे ढोबळ माप, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. ताकद ठरते गोळीचे वजन आणि वेग यांवर.
- .४५ एसीपी : रचनाकार जॉन ब्राउनिंग. हे काडतूस वापरणारे एम१९११ पिस्तूल १९११ ते १९८५ अमेरिकी लष्कराचे अधिकृत पिस्तूल. मूळ मॅगझिनमध्ये ७ गोळ्या.
- .३५७ मॅग्नम : १९३५. पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे ३ मिमी लांब. त्यामुळे .३८ स्पेशलचे काडतूस .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालते. उलट चालत नाही.
- .४४ मॅग्नम : १९५५. स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल २९’, सहाबारी रिव्हॉल्व्हर. हँडगनने शिकार करणाऱ्यांत लोकप्रिय.
- बाळगताना : काडतूस तेच, पण शस्त्र हलके, तर हाताला धक्का जास्त, दुसऱ्या बारासाठी नेम सावरायला वेळ लागतो.
- कायदा : शस्त्र बाळगण्याचे नियम राज्यागणिक वेगळे.