मानेवरचा काळा पट्टा

दिवाळीनंतर एक आजी दहा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, डाळीचं पीठ लावलं, वजरीनं घासलं, पण याच्या मानेचा मळ काही निघत नाही." मान घासून घासून लाल झाली होती. मी मुलाला काट्यावर उभे केले. वजन ५१ किलो, उंची १३८ सेंटिमीटर! या उंचीच्या मुलाचे वजन साधारण तीस-बत्तीस किलो असते.

तो मळ नव्हता. शरीरात चरबी फार साठली की पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते आणि या जादा इन्सुलिनमुळे मानेची, काखेची कातडी जाड व काळसर होते. पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची ही आगाऊ सूचना समजावी. अशा मुलाची रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घ्यावा. घरी करता येईल अशीही एक खूण आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवावे.

"खात्यापित्या घरचा आहे हो," आजी म्हणाल्या. काय खातो ते विचारले. सकाळी चहाबरोबर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, मधल्या सुट्टीत वेफर्स, आणि फ्रीजमध्ये वडिलांनी हौसेने आणलेली कोल्ड्रिंकची बाटली. पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. चहात कोणी पाच चमचे साखर घालून दिली तर आपण तोंड वाकडे करू! जेवणही मोबाईल बघत. नजर पडद्यावर असली की पोट भरल्याचे कळत नाही.

मुलाला उपाशी ठेवू नका, हे मी बजावून सांगितले. वाढत्या वयात भाकरी, वरण, उसळ, भाजी, अंडी, दूध हवेच. बदल घराने करायचा. बाटली आणायचीच नाही, म्हणजे नाही म्हणायची वेळ येत नाही. सर्वांनी एकत्र, टीव्ही-मोबाईल बंद करून जेवावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमेपर्यंत खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लगोरी, कबड्डी, सायकल, काहीही चालेल. त्याला 'जाड्या' म्हणणे मात्र बंद करावे. त्याने मूल मैदानापासून आणखी दूर पळते. (माझ्याही टेबलावर बालरुग्णांसाठी गोळ्यांची बरणी असे. ती मी त्याच दिवशी उचलली.)

तीन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या, जरा हिरमुसलेल्या. "वजन तेवढंच आहे, डॉक्टर." मला मात्र आनंद झाला. उंची दीड सेंटिमीटर वाढली होती आणि वजन जागेवरच होते. वाढत्या मुलात बहुधा एवढेच साधायचे असते. मानेचा काळेपणा जायला अजून काही महिने लागतील. तोवर वजरी बाजूला ठेवा, असे आजींना सांगितले आहे.