निर्वासितांची शाळा

प्रौढ विद्यार्थ्यास व्याकरणापेक्षां लाजच अधिक आड येते, असें आमचें जुनें मत आहे. युक्रेनमधील निर्वासितांचें वर्तमान वाचून तें दृढ झालें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें मोठी स्वारी केल्यावर खार्कीव्ह, मारिउपोल आदि पूर्वेकडील शहरांतून असंख्य कुटुंबें ल्विवसारख्या पश्चिमेकडील नगरांत आलीं. त्यांतील पुष्कळांची घरची बोली रशियन. युक्रेनियन त्यांस समजते, पण ओठांवर येत नाहीं. त्यांच्यासाठीं तेथें विनामूल्य वर्ग निघाले.

भाषा सख्ख्या बहिणी, म्हणूनच घोटाळा अधिक! रशियनमध्यें 'नेदेल्या' म्हणजे आठवडा. युक्रेनियनमध्यें 'नेदील्या' म्हणजे रविवार. एकाच अक्षराचा उच्चार तिकडे 'ग', इकडे 'ह'. संस्कृत शिकलेल्या वाचकांस मौज वाटेल ती विभक्तींची. रशियननें बहुतेक टाकलेलें संबोधन युक्रेनियननें जपलें आहे. 'मामा' म्हणजे आई, आणि हांक मारतांना 'मामो!' (आपल्याकडे ही हांक आईच्या भावास जाईल, हें निराळें.)

१८७६ सालीं झारनें युक्रेनियन ग्रंथांच्या छपाईवर बंदी घातली होती. शहरांत रशियन बोलणें प्रतिष्ठेचें ठरलें, आणि कित्येक घरांत आजीची भाषा नातवापर्यंत पोंचलीच नाहीं. आज साठीची बाई ती वहींत उतरवून घेते, तेव्हां तिला परकी भाषा शिकविली जात आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मात्र अशा वर्गांत वाक्य पुरें होण्याआधीं चूक दाखवूं नये. आम्ही ती दाखवीत असूं. आमचे दोन विद्यार्थी त्यामुळें पुढें वर्गांत कधीं बोललेच नाहींत.