सोबत कोण आहे?

धुळ्याच्या एका दवाखान्यात आईला घेऊन बसलो होतो. समोरच्या बाकावर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी होती. हाताला फडके गुंडाळलेले. नाव विचारले तिला, उत्तर दिले सोबतच्या गृहस्थाने. "मी मामा तिचा!" वय, गाव, दुखापत कशी झाली, सारे मामाच सांगत होता. मुलगी फरशीकडे पाहत होती. पट्टी झाली, दोघे निघून गेली. 'मामा किती जपतो हो!' असे मी आईला म्हणालोदेखील.

मी पडलो मराठीचा मास्तर. न बोललेले वाचण्याची विद्या मला शिकवली जळगावच्या एका परिचित परिचारिकेने. ती म्हणाली, "सर, उत्तरे दुसराच देतो, कागदपत्रे त्याच्याच खिशात, दुखणे फार उशिरा दाखवलेले, अंगावर जुन्या-नव्या जखमा, आणि आपण कुठे राहतो हे पेशंटलाच ठाऊक नाही, असे दिसले, की आम्ही सावध व्हायचे."

माणसांच्या व्यापाराला आपल्या राज्यघटनेने २३ व्या कलमान्वये बंदी घातली आहे. तरी तो चालतो. भुसावळचे जंक्शन, धुळ्याला एकमेकांना छेदणारे मुंबई-आग्रा नि सुरत-नागपूर हमरस्ते. आपल्या खानदेशात परका चेहरा कुणाला नवलाचा वाटत नाही. कोंडलेल्या जीवाला बाहेरचे माणूस भेटते, ते कधीकधी दवाखान्यातच.

मग करायचे काय? सोबत्याला केसपेपर काढायला धाडायचे. भाषा परकी असेल तर दुभाषा तिसराच घ्यायचा. हळूच विचारायचे, "घरी जावेसे वाटले, तर जाता येते का?" आरडाओरडा नाही, बळजबरी नाही. अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. मुलांसाठी १०९८ हा फोनही आहे.

मात्र वाचकहो, लक्षण म्हणजे निवाडा नव्हे. मे २०२३ मध्ये भुसावळ आणि मनमाड येथे बिहारची ५९ मुले गाडीतून उतरवली गेली; सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुले सांगलीकडे मदरशांत शिकायला निघाली होती. गैरसमज झाला, असे म्हणून पोलिसांनीच मार्च २०२४ मध्ये ती प्रकरणे मिटवली. म्हणून आधी संशय नव्हे, आधी विचारपूस.

तो गृहस्थ तिचा खराच मामा असेल. देव करो, तसेच असो. पण तिला एकटीला कुणीतरी एकदा विचारायला हवे होते.